डाव्या बाजूचा देवमासा

अनुराधाबाईंना देवमासा दिसला आणि आधी त्यांना त्याचा रागच आला. मेला थोडा वेळ थांबला असता तर मॉइरा तरी परत आली असती!

मॉइरा म्हणजे बोटीवरची गाइड. स्कॉटलंडच्या बेटाबेटांतून हिंडणाऱ्या त्या छोट्या बोटीवर पक्षी, सील आणि जुनी दगडी घरं दाखवणं हे तिचं काम. पण यंदा तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. डॉ. शशिधर आणि अनुराधाबाई या नवराबायकोत अबोला होता आणि दोघांचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. "मॉइरा, प्लीज टेल डॉक्टर, स्वेटर उलटा घातलाय." "थँक यू मॉइरा, प्लीज टेल हर, थंडी आतून वाजतेय." लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरी ही कामगिरी लेक तनया करायची. मॉइराला निम्मं कळायचं नाही, तरी ती बिचारी मान डोलावून इकडचं तिकडे करायची. बोटीवरच्या इंग्रज बायकांना वाटलं, ही हिंदू लोकांची रीत असावी. "सो रिस्पेक्टफुल!" म्हणून एकीने कौतुकही केलं.

भांडण दुर्बिणीवरून होतं. दुर्बीण वॉटफर्डलाच डायनिंग टेबलावर राहिली होती. तीन जाडजूड पुस्तकं मावेनात म्हणून डॉक्टरांनीच ती बॅगेतून काढून ठेवली होती. आणि पहिल्याच डिनरला सगळ्यांदेखत म्हणाले, "माय वाइफ फरगॉट!" अनुराधाबाईंनी तिथल्या तिथे तोंडाला कुलूप लावलं. त्यांच्या संसारात एक कायदा होता. जो आधी बोलेल, त्याची चूक. त्यावर अपील नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला हरवलेली छत्री अजून अनुराधाबाईंच्या नावावर होती.

आज शेवटचा दिवस. कोल बेटासमोर बोट नांगरली होती आणि बाकीची मंडळी मॉइराबरोबर रबरी होडीतून तिथल्या गेलिक भाषेतली गाणी ऐकायला गेली होती. हलत्या होडीत उतरायला बाईंचा गुडघा तयार नव्हता. डॉक्टर थांबले ते देवमाशासाठी. "बेटं कुठे पळून जात नाहीत," असं त्यांनी मॉइराला सुनावलं होतं.

गेल्या वर्षी बायपाससाठी आत नेताना त्यांनी बाईंचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "वाचलो, तर एकदा देवमासा बघायचाय." त्या एका वाक्यापायी बाईंनी ही ट्रिप बुक केली होती. रिटायरमेंटला मिळालेला डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून, लोकरी टोपी कानांवर ओढून हा माणूस रोज डेकच्या उजव्या बाजूला बसायचा. सील सोडून त्याला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

आणि देवमासा आला तो डाव्या बाजूला. काळी तुळतुळीत पाठ पाण्याबाहेर आली, गोल वळली, बुडाली. पुन्हा आली. दुर्बिणीची गरजच नव्हती.

बाई खोकल्या. डॉक्टर हलले नाहीत. बाईंनी कठड्यावर मग आपटला. डॉक्टरांनी टोपी आणखी खाली ओढली. शेवटी बाई कठड्यावरच्या सीगलकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कुणाला काही बघायचं असेल, तर इकडे येऊन बघावं म्हणावं!"

पलीकडून डॉक्टरांनी समुद्राला उत्तर दिलं, "आम्हाला जे बघायचंय ते आम्ही इकडून बघतोय म्हणावं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. बोलावं, तर दुर्बीण जन्माची गळ्यात. वॉटफर्डच्या दर गणपतीत, दर हळदीकुंकवाला, जावयाच्या माणसांसमोर ती निघणार. न बोलावं, तर हा माणूस देवमासा न बघताच घरी जाणार. पुन्हा यायला जमेल न जमेल, कुणी सांगावं? ऑपरेशनच्या दारातला त्यांचा तो गार हात बाईंना आठवला. खड्ड्यात गेली ती दुर्बीण!

"अहो! अहो, इकडे या! लवकर!"

डॉक्टर ताडकन उठले. डेकला वळसा घालून असे काही धावत आले, की बायपास दुसऱ्याच कुणाची झाली असावी. येऊन ते बाईंच्या पुढ्यात उभे राहिले. समुद्राकडे पाठ, दोन्ही हात वर.

"बोललीस! आधी तू बोललीस!"

"अहो, हो, पण जरा वळून—"

"विषय बदलायचा नाही! आधी सांग, दुर्बीण कोण विसरलं?"

तेवढ्यात त्यांच्या टोपीच्या वर, दूर पाण्यातून, अख्खा देवमासा उसळला. पांढऱ्या पोटासकट. क्षणभर हवेत राहिला आणि आडवा कोसळला. आवाज वाऱ्याने पलीकडे नेला.

बाईंनी देवमाशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. डॉक्टरांचे गाल लाल झाले होते, डोळे लुकलुकत होते. ऑपरेशननंतर हा चेहरा इतका खुललेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. बाईंना हसूही आलं आणि भरूनही आलं.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच विसरले."

मागे समुद्र पुन्हा सपाट झाला. डॉक्टरांनी छाती भरून श्वास घेतला.

"चला, कबूल केलंस ना, मग संपलं! मी काही मनात ठेवणारा माणूस नाही. बोल आता, कशाला हाक मारलीस?"

"काही नाही," अनुराधाबाई म्हणाल्या. "चहा घेणार का, विचारत होते."