आजारी बाईंसाठी शहाळी

खानोलकर बाईंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून मैथिली थबकली. आजारी माणसाच्या दाराशी एवढी माणसं जमतात ती एकाच कारणासाठी. हातातली शहाळ्यांची पिशवी एकाएकी जड झाली.

बाईंनी पाठदुखीची रजा टाकली, तेव्हापासून नववीचे त्यांचे सगळे तास मैथिलीच घेत होती. बी.एड.च्या सरावासाठी शाळेत आलेली पोर, पगाराच्या नावानं शून्य. दिवसभर शाळेत अडकल्यामुळे औषधाच्या दुकानातली दुपारची नोकरीही गेली. एकदा तिनं फोनवर तसं म्हटलं, तर बाई कण्हत म्हणाल्या, "पैशाचं काय घेऊन बसलीस? अनुभव मिळतोय ना!" आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "ए, मागचे! गप्प बसा!"

आवाज बाईंचाच होता. चपला भिरकावून मैथिलीनं दार ढकललं. सतरंजीवर तिचाच नववीचा अर्धा वर्ग बसला होता आणि फळ्यापाशी बाई ताठ उभ्या होत्या.

"नवीन बाई आल्या!" मुलं ओरडली.

बाई क्षणभर चपापल्या, मग तोंडभर हसल्या. "बरं झालं आलीस गं. उद्यापासून इथलीही एक बॅच तूच घे. तेवढाच अनुभव!"

मैथिली मागे फिरली. ढिगातून आपल्या चपला शोधत असताना मागून हाक आली,

"अगं, निदान शहाळी तरी ठेवून जा!"