भर उन्हात पेटलेला दिवा

आमच्या कॅम्पचं पहिलंच बुकिंग होतं आणि तिथे वीज नव्हती. म्हणून कल्याणच्या होलसेल बाजारातून स्वस्तातले पाच सोलर दिवे आणले. "अंधार झाला की आपोआप पेटतो, ताई," म्हणत दुकानदाराने पॅनल तळहाताने झाकून दिवा पेटवून दाखवलेला.

भर दुपारी चार दिवे तंबूंपुढे ओळीने उन्हात ठेवले. पाचवा पुसायला मांडीवर घेतला.

नदीकडचा पहिला पेटला.

"साईनाथ, सावली पडली का रे त्याच्यावर?"

"अगं, झाड तरी आहे का इथे?" नवरा हसला.

पहिला विझला, दुसरा पेटला. मग तिसरा. साईनाथचं हसू थांबलं.

चौथा माझ्या पायाशीच होता. पेटला, विझला.

मांडीवरचा पेटला. मी पॅनल चाचपायला गेले. माझा हात काचेपर्यंत पोचलाच नाही; मध्येच न दिसणाऱ्या कशावर तरी टेकला.