मागे कायम कोण बसतं?

शेवटी गाडीला मागे हलक्याच स्प्रिंगा लागल्या. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही, असं धरून चालू. गॅरेजमध्ये अजून कुणाला त्याची कल्पना नाही आणि मुलगा तर जड स्प्रिंगांवर हात ठेवून उभा आहे, जणू त्या त्यानेच लहानाच्या मोठ्या केल्यात.

मुलगा म्हणजे पन्नाशीला टेकलेला मुलगा. एसयूव्ही त्याची. पुढून ती गेल्या महिन्यातच दोन इंच उचलून झाली होती, मागचं काम बाकी होतं. त्यामुळे गाडी सध्या नाक वर करून उभी असायची आणि मागच्या सीटवर बसलेले वडील सदानकदा आकाशाकडे बघत असल्यासारखे दिसायचे.

हा सगळा खटाटोप वडिलांसाठीच होता. त्यांची उमेदीची वर्षं एका धरणाच्या कामावर गेली होती. तिथे जायचा रस्ता म्हणजे दगड, खड्डे आणि पुन्हा दगड. 'एकदा जाऊन यायचंय,' असं ते जेवताना म्हणत आणि मुलगा 'नेतो की' म्हणे. असं बरीच वर्षं जेवण झाल्यावर आता कुठे तो खरोखर नेणार होता.

मेकॅनिकची एक पद्धत होती. गाडीत जो जिथे बसतो त्याला तिथे बसवायचं, डिकीत नेहमीचं सामान ठेवायचं, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप धरून मोजायचं. थेट वजन विचारलं की गिऱ्हाईकं लाजतात, म्हणून ही सोय.

सून पुढे बसली. वडिलांना प्लास्टिकच्या स्टुलावर चढवून मागे बसवलं. डिकीत मुलाने प्रवासासाठी घडीचा पलंग, पाण्याचे कॅन आणि वडिलांच्या मानेची, कमरेची व गुडघ्याची अशा वेगवेगळ्या उशा भरल्या होत्या.

"पार बसली की हो," मेकॅनिक टेप गुंडाळत म्हणाला. "मागे कायम वजन असेल तर जड स्प्रिंग. नसेल आणि तरी जड टाकली, तर गाडी रिकामी असताना टणाटणा उडेल. शॉकअपही जोडीनेच बदलायचे, नाहीतर स्प्रिंगला आवरायला कुणी नाही."

"जडच टाका."

"थांबा हो. एकदा बसवलं की मी परत घेत नाही. मागे कायम कोण बसतं?"

"बाबा."

"कुणी नाही," मागून वडील म्हणाले.

मुलगा तिथूनच खिडकीकडे वळला. "बाबा, तुम्ही बसलायत."

"आज बसलोय. एक तारखेपासून नाही. मिस्त्री, हलक्या टाका."

"एक तारखेला काय आहे?"

"मी वर जातोय."

मेकॅनिकने टेप खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तिसऱ्या मजल्यावर हो," वडील म्हणाले. "बाईंकडे. राहायला."

बाई म्हणजे त्यांच्या बरोब्बर डोक्यावर राहणाऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दोन महिने त्या वर काहीतरी ओढत, सरकवत होत्या आणि मुलाने सोसायटीकडे तीनदा तक्रार केली होती.

"माझ्या पलंगाला जागा होत होती," वडील म्हणाले. "तुझ्या तक्रारींमुळे उशीर झाला."

मुलाचा हात स्प्रिंगवरून घसरला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या काचेतून गॅरेजची कोरी भिंत वाचत होती.

"तुला माहीत होतं?"

"पडदे मीच निवडून दिले."

"म्हणजे लग्न?"

"बघू," वडील म्हणाले. "आधी पडदे लागू देत."

मुलगा एक घोट पाणी प्यायला. ते गाडीच्या रेडिएटरसाठी ठेवलेलं होतं, पण त्याला कुणी अडवलं नाही.

"आमच्याकडे काही कमी पडलं का, बाबा?"

"काही नाही रे. सगळं जास्तच. नुसत्या उशाच बघ." वडिलांनी डिकीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. "पण तुझ्या गाडीत चढायचं तर मला स्टूल लागतं. तिची गाडी कशी, दार उघडलं की बसलो."

बाईंची 'ती' कधी झाली, हे विचारायचं बळ मुलात उरलं नव्हतं. त्याने राहिलेल्या एकाच गोष्टीला हात घातला.

"ठीक आहे. वर राहा. पण धरणावर मीच नेणार तुम्हाला. ते ठरलंय. त्याच्यासाठी तरी जड टाकू."

सुनेने हळूच आपल्या बाजूची काच वर केली.

"जाऊन आलो," वडील म्हणाले.

"कुठे?"

"धरणावर. मागच्या बुधवारी. तू ऑफिसात होतास."

"तिच्या त्या डबड्यातून?" मुलाचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला. "बाबा, त्या रस्त्यावर ट्रक पालथे व्हायचे. तुम्हीच सांगायचात."

"व्हायचे ना. आता डांबरी झालाय. लोण्यासारखा. जाताना मला झोप लागली, धरण आल्यावर तिने उठवलं."

मेकॅनिकने टोपी परत घातली. "मग हलक्याच ना, साहेब?"

साहेब दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. वडिलांकडे न बघता, उंच नाकाच्या त्या गाडीसमोर, आवाज अजिबात न चढवता तो म्हणाला,

"तरी धरणाकडे जाणारा सदर रस्ता, निदान शेवटचे चार किलोमीटर, पूर्ववत खराब करून मिळावा, ही नम्र विनंती."