चारचौघांत सांगायची गोष्ट

"सांग की! आता का तोंड शिवलं?" तेलगिरणीचे मॅनेजर लक्ष्मीकांतराव भर अंगणात ओरडले. कारकून फिदीफिदी हसले. मंजुळानं पदर पोटावर ओढला आणि मान खाली घातली. सातवा महिना पदरानं झाकला जातो थोडाच?

पोटुशी बाईला कामावरून काढायचं नाही, बाळंतपणात पगारही द्यायचा, असा कायदा नागपूरच्या सरकारनं केला होता. अट एकच. बाईनं गिरणीत आधी कळवलं पाहिजे. ही अट लक्ष्मीकांतरावांना गुळासारखी गोड लागली. तिला त्यांनी घरची शेपटी जोडली. कळवायचं ते बाईनं स्वतः, चारचौघांत, माझ्या तोंडावर! खामगावात जी गोष्ट बाई सासऱ्यापुढं मरेस्तोवर बोलत नाही, ती परक्या पुरुषापुढं कशी बोलणार? मग बाई घरी, कायदा कपाटात आणि हा शहाणा मिशीला पीळ देत खुर्चीत. केवढी ती अक्कल! वर रोज जेवताना बायकोला हाच पराक्रम ऐकवायचा. शारदाबाई मुकाट्यानं वाढत राहायच्या.

"शनिवारपर्यंत सांग, नाहीतर घरी बस," लक्ष्मीकांतराव म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले.

मंजुळाचा नवरा पाय मोडून खाटेवर पडला होता. घरात कमावणारी ही एकटीच. गेटाबाहेर येऊन ती ढसाढसा रडली.

"रडून काऊन राह्यली वं?" तिच्या जोडीला सरकी निवडणारी म्हातारी गोजरबाई म्हणाली. "त्याले चारचौघांत पाह्यजे ना? मंग होऊ दे चारचौघांत! मी जातो आज त्याच्या घरी."

शनिवारी कायदा पाळतात की नाही ते तपासायला नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. लक्ष्मीकांतरावांनी त्यांना ओसरीवर चहा पाजला.

"आमच्याकडे पोटुशी बाईच नाही, साहेब. कुणी कळवलंच नाही ना! एकीचा संशय आहे, पण तोंड उघडत नाही. आज तिचाही हिशेब संपवतो."

एवढ्यात गेटातून गाणं ऐकू आलं. गिरणीतल्या साऱ्या बाया गात गात आत शिरल्या. मधे मंजुळा. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, केसांत शेवंतीची वेणी. बायांनी तिला ओसरीसमोर पाटावर बसवलं. मग घोळक्यातून ओटीचं ताट घेऊन पुढं आल्या त्या शारदाबाई! लक्ष्मीकांतरावांचा चहा धोतरावर सांडला.

"तू? इथं?"

"ओटी भरायला बोलावलं, आले. सवाष्णीनं नाही म्हणू नये."

"नाव घ्या, बाई, नाव घ्या!" गोजरबाई ओरडली. "नाव घेतल्याबिगर आमच्यात ओटी नाही भरत!"

शारदाबाई लाजल्या बिजल्या नाहीत. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन त्यांनी खणखणीत उखाणा घेतला :

"हिरवा खण, गव्हाची ओंजळ, वर खोबऱ्याची वाटी,
लक्ष्मीकांतरावांच्या साक्षीनं भरते मंजुळाची ओटी!"

बायांनी एकच गलका केला. कारकून हसायचं विसरले. मंजुळानं भरल्या ओटीवर हात ठेवला आणि पहिल्यांदा मान वर करून मॅनेजरकडे पाहिलं.

"आता सांगतलं ना, सायेब?"

लक्ष्मीकांतराव धोतरावरचा चहा झटकू लागले. इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे वळून अगदी अदबीनं विचारलं,

"उखाण्यातले साक्षीदार लक्ष्मीकांतराव म्हणजे तुम्हीच ना?"