घराण्यात एकटी

बँकेतली नोकरी सोडून बाहुल्यांचे खेळ करायचे, असं ओवीने ठरवलं होतं. राजीनामा उद्याच द्यायचा होता. पण वडिलांच्या होकाराशिवाय तो द्यायला तिचं मन धजावत नव्हतं. आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी दोघे सिन्नरहून रामकुंडावर आले, तरी महेशरावांचं पालुपद थांबलं नव्हतं.

“आपल्या घराण्यात असा माणूस झालेला नाही. तू एकटीच जगावेगळी!”

“आणि झाला असेल तर?”

“एक दाखव. उद्या मी स्वतः तुला बँकेच्या दारात सोडतो, राजीनामा द्यायला.”

श्राद्ध आटोपल्यावर यज्ञेश्वर गुरुजींनी नव्या नोंदीसाठी त्यांच्या घराण्याची जुनी वही काढली. इथे येऊन गेलेल्या प्रत्येकाने तिच्यात नाव, गाव, व्यवसाय आणि येण्याचं कारण आपल्या हाताने लिहिलं होतं. ओवी पहिल्या पानापासून वाचत निघाली. शेतकरी, शेतकरी, पाटील, शिक्षक, पुन्हा शेतकरी. महेशराव समाधानाने मान डोलावत होते.

“बाबा, हे आजोबांचं अक्षर ना?”

महेशराव वाकले, आणि एकदम घाईने म्हणाले, “चल गं, बस निघून जाईल.”

गुरुजींनी मात्र चष्मा सावरून मोठ्याने वाचलं:



“सन १९९१. येण्याचे कारण: चिरंजीव महेश नोकरी सोडून ऑर्केस्ट्रात गायला जातो म्हणतो. आमच्या घराण्यात असा माणूस झालेला नाही. देवाने त्याला बुद्धी द्यावी.”