नापास: ०

नूपुर बटण दाबणार, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

बाहेर पंचविशीतला एक पोरगा उभा होता. पाठीवर सॅक, शर्ट घामानं भिजलेला. "नूपुरताई तुम्हीच नं? मी साहिल. खाप्याहून आलो."

नाव ऐकताच तिच्या कपाळाला आठी पडली. याच साहिलनं महिन्याभरात तीनदा तक्रार लिहिली होती. तिनंही तिन्ही वेळा 'आमच्याकडे सगळं पास आहे, तुमचा कॉम्प्युटर तपासा' असं उत्तर ठोकून ती बंद केली होती. आता स्वारी थेट तिच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी येऊन थडकली होती.

नूपुरची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामात जोडायचा तयार कोड, तशी एवढीशी. बाळाची जन्मतारीख द्या, ती पुढच्या लशीची तारीख सांगते. कोणीही फुकट घ्यावी, वापरावी, सुधारावी. आधी ती जावास्क्रिप्टच्या एकाच रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या एकाच इंजिनावर चालायची. नोकरी सांभाळून वर्षभर खपून नूपुरनं ती आणखी तीन इंजिनांवर आणली. उत्तर बरोबर येतं का हे आपोआप तपासणाऱ्या दोनशे बारा चाचण्या लिहिल्या आणि त्यांच्या फोल्डरला हौसेनं 'चाचण्या' असंच मराठी नाव दिलं. रोज सकाळी चार हिरव्या खुणा आणि चारदा 'नापास: ०' बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

एका संस्थेनं खापा गावच्या आरोग्य केंद्रात ती महिनाभर वापरून पाहिली होती. आज पाच वाजता तीच तीनशे आरोग्य केंद्रांत जाणार होती. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. वडिलांनी, मार्तंडरावांनी, संत्रा बर्फीचा डबासुद्धा आणून ठेवला होता.

"ताई, आजच्या दिवस थांबा," साहिल म्हणाला. "मायी बहीण हर्षा तिकडं नर्स आहे. तुमची तारीख एक दिवस आधीची येऊन राहिली. बाया लेकरं घेऊन नदीच्या पलीकडून येतात, अन् लस असते दुसऱ्या दिवशी. वापस गेल्या का मंग येतच नाहीत. अकरा लेकरायची लस चुकली."

अकरा हा आकडा तिला लागला. पण चार हिरव्या खुणा समोर होत्या, आणि खुणा खोटं बोलत नाहीत अशी तिची खात्री होती.

"तारीख चुकत असती तर चाचणी नापास झाली असती ना," ती म्हणाली.

"मायाकडे झाली नं. हे पाहा."

त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एकोणीस लाल ओळी होत्या. नव्या तीन इंजिनांपैकी खाप्यात वापरलेलं, क्लाउडवरचं इंजिन परदेशी घड्याळावर चालत होतं. आपल्याकडे तारीख बदलली तरी तिथं पहाटेपर्यंत कालचीच राहायची, आणि लायब्ररी दिवस मध्यरात्रीपासून मोजायची, म्हणून प्रत्येक तारीख एक दिवस मागे जायची. चूक साधी होती. पहिल्याच चाचणीत सापडायला हवी होती.

"मग तुझ्याकडेच काहून? तू काही बदललंस का?"

"काहीच नाही. जुना लॅपटॉप आहे, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून फोल्डरचं नाव इंग्रजीत 'टेस्ट' करून टाकलं. बस, तेवढंच."

नूपुरनं आपला लॅपटॉप पुढे ओढला. जुन्या इंजिनाला तिनं 'चाचण्या' हे नाव सांगून ठेवलं होतं, पण तिन्ही नवी इंजिनं चाचण्या शोधतात, त्या 'टेस्ट' या नावावरूनच. चाचणी सापडली नाही की ती कुरकुरतात, लाल खूण दाखवतात. पण सुरुवातीला फोल्डर रिकामं होतं, तेव्हा ती कुरकुर नको म्हणून तिनंच एक ओळ टाकली होती: काही सापडलं नाही तरी चालेल. टाकली आणि विसरून गेली.

"ताई," साहिल हळूच म्हणाला, "नापास शून्य, ते ठीक आहे. पण पास किती झाल्या?"

वर्षभरात तो आकडा तिनं एकदाही पाहिला नव्हता. तिनं पडदा खाली सरकवला. पहिल्या हिरव्या खुणेखाली दोनशे बारा होते.

उरलेल्या तिन्ही हिरव्या खुणांखाली एकच ओळ होती. पास: ०.