देवाच्या पंगतीला

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, तशी भालचंद्ररावांची कचेरी भोपाळला हलली. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन त्यांची बायकोही गेली. मागे माधवगंजातल्या घरात दोघीच उरल्या, शाळेत शिकवणारी भालचंद्ररावांची बहीण पद्मा आणि त्यांची सात वर्षांची लेक शरयू. शरयूची मूत्रपिंडं बिघडली होती. सकाळी डोळे उघडेनात इतका तिचा चेहरा सुजायचा. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि मीठही.

पहिल्याच दिवशी शरयूने अळणी भात थुंकून ताट सरकवलं. तेव्हा पद्माआत्याने तिचं पान उचलून देवघरात नैवेद्याच्या पानाशेजारी मांडलं.

"हे बघ, देवाच्या पानातही मीठ वाढत नाहीत. तू आता त्याच्या पंगतीची."

मग काय, पोर रोज देवाशी गप्पा मारत कुरकुर न करता जेवू लागली.

उन्हाळ्यापर्यंत सूज उतरली. लघवी उकळून पाहिली, तरी तिच्यात आजाराची खूण असलेला पांढरा साका धरेना. डॉक्टर हसून म्हणाले, "अब बिटिया को नमक दीजिए, और भोपाल भेज दीजिए."

न्यायला आलेल्या वडिलांशेजारी टांग्यात बसल्यावर शरयूचा चेहरा एकदम पडला.

"आत्या, मी गेले तर देव एकटाच जेवेल ना गं?"

"वेडी कुठली! त्याला सवय असते."



दुसऱ्या दिवशी पद्माआत्याने देवघरात दोन पानं मांडली, एक देवाचं आणि एक स्वतःचं, आणि मीठ कुठल्याच पानात वाढलं नाही.